मुलींचं गणित आणि आपली सोसायटी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात महिला सभासदांच्या वतीने झालेले भाषण. वक्त्या आपल्या पहिल्या सभासदांपैकी एक असून माध्यमिक शाळेतून गणित व विज्ञानाच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



मला विषय दिलाय, ‘मुली आणि विज्ञान-तंत्रज्ञानातील करिअर’. वेळ दिलाय वीस मिनिटं. सेक्रेटरी साहेब म्हणाले, बाई, जरा प्रेरणादायी होऊ द्या. प्रेरणेचं मला काही फारसं जमत नाही. चाळीस वर्षं फळ्यावर उदाहरणं सोडवली, त्यामुळे मला उदाहरणच देता येतं. तर सुरुवात आपल्या बोअरच्या मोटरपासून करते.

गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस पाणी नव्हतं, आठवतंय ना? मोटर चालू केली की स्टार्टर पडायचा. खाली सात-आठ पुरुष मंडळी जमली. कुणी म्हणालं मोटर जळली, कुणी म्हणालं केबल गेली. मोटर वर काढायची, म्हणजे गाडी मागवा, माणसं मागवा, खर्चाचा आकडा काढूनसुद्धा झाला. तेवढ्यात आपल्याच बिल्डिंगमधली एक मुलगी, इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती मीटर घेऊन खाली आली. लगेच सगळे, ‘जपून गं, जपून’, ‘पप्पांना बोलव तुझ्या’. तिने तिन्ही फेज तपासले आणि सांगितलं, काका, मोटर चांगली आहे, एक फेजच येत नाही. किटकॅटमधली तार जळलीय, म्हणून प्रिव्हेंटर स्टार्टर पाडतोय. तो त्याचं काम बरोबर करतोय! मेन बंद करून तिने तार बदलली. दहा मिनिटांत टाकीत पाणी पडायला लागलं.

आता मला सांगायचंय ते पुढचं. संध्याकाळी जिन्यात तीच मंडळी तिच्या वडिलांना काय म्हणत होती? ‘पोरगी हुशार आहे हो, पण मुलीच्या जातीला इलेक्ट्रिकल कशाला दिलं?’ पाणी भरून झालं होतं ना सगळ्यांचं!

हसू नका. त्यांच्यावर हसायचा अधिकार मला नाही, कारण माझ्या स्वतःच्या घरात याहून वाईट झालेलं आहे. ते आज सांगणार आहे. लेकीला विचारून सांगतेय. ती म्हणाली, ‘सांग, पण रडू नकोस.’

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा आम्ही पतसंस्थेचं कर्ज काढून फ्लॅट घेतला. दोघंही नोकरीला, पण हप्ता दर महिन्याला डोक्यावर. मुलगा दहावी झाला. गणितात दीडशेपैकी सत्त्याण्णव. तेव्हा गणिताचा पेपर दीडशेचा असायचा, आताच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. त्याला पुण्यात डिप्लोमाला घातलं, हॉस्टेल, मेस, सगळं. दोन वर्षांनी, 2002 च्या जूनमध्ये, मुलगी दहावी झाली. तिला गणितात दीडशेपैकी एकशे अडतीस. पेढे वाटले मी, याच जिन्यात. आणि आठ दिवसांनी तिचा अकरावीचा फॉर्म भरला तो कला शाखेचा. कारण कला शाखा जवळ होती. सायन्सला रोज गाडीने जावं लागलं असतं, प्रॅक्टिकलच्या दिवशी यायला अंधार झाला असता, आणि घरात आणखी एक हॉस्टेल परवडणार नव्हतं. बारावीनंतर डी.एड. करेल, नोकरी लागेल, असा आमचा हिशोब. डी.एड. झालं, नोकरी लागायच्या आधी लग्न झालं, पुढे शिक्षक भरतीच कैक वर्षं थांबली. आज ती नवऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानाचं जीएसटीपासून स्टॉकपर्यंत सगळं एकटी बघते. सुखात आहे. तक्रार नाही.

पण मी विज्ञानाची शिक्षिका! दुसऱ्यांच्या मुलींना वर्गात सांगत होते, शिका गं, सायन्स घ्या. एकदा मी तिला विचारलं, ‘तू तेव्हा काहीच का बोलली नाहीस? भांडली का नाहीस?’ तर ती म्हणाली, ‘आई, मला कुणी नाही कुठं म्हणालं होतं? कुणी विचारलंच नव्हतं.’

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आता याच्या शेजारी दुसरी एक मुलगी ठेवून बघा. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. आपल्या लेखिका दुर्गा भागवत, त्यांची सख्खी बहीण. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी., विषय रसायन आणि भौतिक, गुणवत्ता यादीत पहिली. वडील आणि काका दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. साहजिक तिनेही तिथेच अर्ज केला. संचालक होते नोबेलवाले सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला, आणि कारण एकच, मुलगी आहे. गुण कमी म्हणून नव्हे. ही बंगळूरला जाऊन थडकली. कारण द्या म्हणाली, हटेना. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा, तिने तेच हत्यार उचललं. शेवटी प्रवेश दिला, पण अटी घालून. एक वर्ष तात्पुरता प्रवेश. संचालकांची खात्री पटल्याशिवाय तिच्या कामाला मान्यता नाही. आणि तिच्या असण्यामुळे तिथल्या मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये! म्हणजे लक्ष त्यांचं जाणार आणि अट हिच्यावर. अट मानली, वर्षभर राबली. रामन यांची खात्री पटली आणि तिथून पुढे त्या संस्थेचं दार मुलींना उघडलं.

पुढे केंब्रिजला गेली. बटाट्यावर काम करता करता सायटोक्रोम सी नावाचं द्रव्य वनस्पतीच्या पेशींतही असतं, हे तिने दाखवलं. श्वसनाच्या क्रियेत त्याचं मोठं काम असतं, बारावी सायन्सच्या मुलांना माहीत आहे. 1939 साली पीएच.डी. झाली. प्रबंध किती पानांचा? चाळीस. आपल्याकडे प्रोजेक्टच्या वह्या याहून जाड असतात. आणि परत येऊन तिने काय अभ्यासलं? डाळी, दूध, नीरा. नीरेतली जीवनसत्त्वं आणि लोह यांवरच्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. म्हणजे केंब्रिज करून आलेली बाई नीरेचा पेला हातात घेऊन बसली, कारण गरिबाच्या मुलाच्या पोटात काय जातंय हा तिचा प्रश्न होता.

आता मला जे म्हणायचंय ते असं. कमलाबाईंना समोर ‘नाही’ म्हणणारं माणूस होतं. दार दिसत होतं, ते बंद होतं, त्यावर धडका मारता आल्या. आमच्या लेकीला दारच दिसलं नाही. तिला नाही म्हणणारं कुणी नव्हतंच, तर ती भांडणार कुणाशी? सोयीचं काय, जवळचं काय, अंधार पडायच्या आत काय, असं करत करत फॉर्म भरला गेला. आपल्या यवतमध्ये आज मुलींना कुणी शिकू नको म्हणत नाही. आपण सगळे सुधारलेले आहोत. मंगळयान पोहोचलं तेव्हा इस्रोतल्या साड्या नेसलेल्या, गजरा माळलेल्या बायकांचा फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केला. मीही केला. प्रश्न त्या फोटोचा नाही, जून महिन्यातल्या त्या आठ दिवसांचा आहे.

बरं, हे मुलींना झेपतं का, यंत्राबिंत्राचं, असं अजूनही कुणाच्या मनात असेल तर फार लांब जाऊ नका. इथून गाडीत बसा. खुटबाव, मग केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आपल्यापैकी किती जणांनी आतून पाहिलंय? रमाबाईंनी 1882 मध्येच हंटर आयोगापुढे साक्ष देताना सांगितलं होतं, स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात. 1886 साली आनंदीबाई जोशींना फिलाडेल्फियात डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली केडगावला आणल्या. अन्न दिलं, अक्षरं दिली, पण तिथं थांबल्या नाहीत. विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरं, आणि छापखाना. छापखान्यात खिळे जुळवायचं काम मुलीच करायच्या. आजच्या मुलांना खिळे जुळवणं म्हणजे काय ते सांगते. शिशाचं एकेक अक्षर, तेही उलटं, हातानं उचलून ओळीत लावायचं. आपल्या देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळ्याचे वेगळे खिळे. नजर चुकली की पान चुकलं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर या बायकांनी जुळवलं आणि छापलं, ते पुरं झालं 1924 मध्ये, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी.

त्या मुली कोण होत्या? दुष्काळातून उचलून आणलेल्या, बहुतेकांनी पाटीसुद्धा पाहिलेली नव्हती. त्या काळात छापखाना म्हणजे आजचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच समजा. शंभर वर्षांपूर्वी, आपल्यापासून दोन स्टेशनांवर, बायका तंत्रज्ञान चालवत होत्या. आणि आपण 2025 मध्ये विचारतोय, इलेक्ट्रिकल कशाला दिलं.

विज्ञान आपल्या मुलींना परकं नाही हो. वर्गात मी हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकायचे, कागद लालभडक व्हायचा, आणि मुली लगेच ओरडायच्या, ‘बाई, कुंकू!’ मुलगे बघत राहायचे. गुऱ्हाळावर रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस का घालतात, मळी वर का येते, हे आपल्याकडच्या मुलींनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि पालखीच्या मुक्कामाचं पिठलं! हजारो वारकऱ्यांचं पिठलं एकावेळी, गुठळी न होऊ देता करायचं म्हणजे चेष्टा आहे? घरच्या पातेल्याचं माप शंभरपट केलं की पिठलं होत नाही, करपतं. किती बेसनाला किती पाणी, आच कधी कमी करायची, हे आपल्या बायकांना बरोबर ठाऊक असतं. रसायनाच्या कारखान्यात याच कामाला इंजिनिअर ठेवतात. कुरकुंभच्या एमआयडीसीत जाऊन विचारा.

आता कामाचं बोलते, कारण हे ऐकायला बरेच पालक बसलेत.

पहिलं म्हणजे गणित. अकरावी सायन्सला गेलेल्या आपल्या मुली गणित सोडतात. ‘बी ग्रुप घे, मुलींना बायॉलॉजी बरं.’ कुणी ठरवलं? बायॉलॉजी वाईट नाही, कमलाबाई त्यातल्याच. पण गणित सोडलं की इंजिनिअरिंगच्या सीईटीचा गट गेला, सांख्यिकी गेली, एनडीएत हवाई दल आणि नौदल गेलं. एनडीए म्हणते मी, खडकवासल्याची. तिथल्या मुलींची पहिली तुकडी मे 2025 मध्ये बाहेर पडली, सतरा जणी. तेव्हा नववी-दहावीच्या मुलींनो, डॉक्टर व्हायचं पक्कं असेल तरी एकदा विचार करून मगच गणित सोडा. अवघड जातंय म्हणून सोडू नका, माझ्याकडे या. तळमजला, डाव्या हाताला. फी नाही.

दुसरं पैशाचं. माझ्या वेळी जे कारण होतं ते आज बऱ्याच घरांत उरलेलं नाही, आणि ते लोकांना माहीतच नाही. आठ जुलै 2024 चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, आणि मुलगी आर्थिक दुर्बल, मराठा किंवा इतर मागास प्रवर्गातली असेल, तर इंजिनिअरिंग, डिप्लोमा, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. पण ध्यानात ठेवा, प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. आणि हॉस्टेल-मेसचा खर्च यात येत नाही. शिवाय एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, डिप्लोमा आणि डिग्रीच्या मुलींना वर्षाला पन्नास हजार, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. गावातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट, पुढे अर्धं तिकीट आहेच.

यात मुली अडकतात कुठे माहितीये? दाखल्यांत. निकाल लागला की सगळे एकदम दौंडला तहसील कचेरीत धावतात. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेअर. सर्व्हर बंद, रांग मोठी, फेरीची तारीख निघून जाते. एप्रिलमध्ये, परीक्षा संपली की लगेच कामाला लागा. मुलाच्या वेळी बाप रजा टाकून रांगेत उभा राहतो, मुलीच्या वेळीही राहा.

सगळं शिक्षण फुकट झालं म्हणून प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. रोहिणी गोडबोले, आपल्या पुण्याच्या, हुजूरपागेच्या. भौतिकशास्त्रात जगभर नाव. गेल्या वर्षी, ऑक्टोबर 2024 मध्ये गेल्या. त्यांच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहविज्ञान होतं. स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसायचं तर विज्ञान वेगळं शिकावं लागलं. आणि तिथूनच गोडी लागली. पुढे त्यांनी भारतातल्या सुमारे शंभर स्त्री शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचं एक पुस्तक, ‘लीलावतीज् डॉटर्स’, रामस्वामी यांच्यासोबत संपादित केलं. मी ते वाचलंय. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. कुणाचे वडील, कुणाच्या बाई, कुणाची आजी, घरातलं किंवा शाळेतलं कुणीतरी एक माणूस असं असतं, ज्यानं त्या मुलीला वेळेवर विचारलेलं असतं, तुला काय करायचंय? मी माझ्या लेकीसाठी ते माणूस व्हायला हवं होतं, घरातच होते. झाले नाही. असो. रडणार नाही म्हणून सांगितलंय.

आता सोसायटीकडे वळते, कारण हा सोहळा सोसायटीचा आहे. पंचवीस वर्षांत आपण रंग तीनदा दिला, सोलर बसवलं, पार्किंगचे पट्टे मारले, त्या पट्ट्यांवरून दोन वर्षं भांडलो. दरमहा सिंकिंग फंड कापतो, इमारतीला पुढे काही झालं तर असावा म्हणून. हे सगळं योग्यच. मी दोनच गोष्टी मागते.

एक म्हणजे दिवे. संध्याकाळच्या गाडीने पुण्याहून येणाऱ्या आपल्या सोसायटीतल्या सात मुली मी मोजल्यात. स्टेशनवरून येताना शेवटच्या वळणापासून आपल्या गेटपर्यंत काळोख असतो. गाडी लेट झाली की त्यांच्या आया फोन हातात धरून गॅलरीत उभ्या असतात, मी खालून बघते ना. दहावीच्या मुलीची आई ते बघते आणि मनात ठरवून टाकते, आपली नको बाई पुण्याला. तो निर्णय कागदावर कुठेच येत नाही. आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर बाहेरच्या बाजूला दोन दिवे लागले तर त्या वळणापर्यंत उजेड पडतो. ग्रामपंचायतीकडे अर्ज करूच, पण भिंत आपली आहे.

दुसरी गोष्ट कार्यालयाच्या खोलीची. वर्षातून बारा वेळा मीटिंग होते, बाकी दिवस कुलूप. तिथे संध्याकाळी सात ते साडेनऊ अभ्यासिका करा. टू-रूम किचनमध्ये टीव्ही, पाहुणे, कुकर, यांत मुलगी अभ्यासाला बसली की दर दहा मिनिटांनी तिला हाक येते. भावाला येत नाही. हे सगळ्यांच्या घरात आहे, नाही म्हणू नका. एक जुना कॉम्प्युटर मी देते, मुलगा नवा घेतोय. वीजबिल वाढेल म्हणून कुणी हरकत घेतली तर ते वाढीव बिल माझ्या मेंटेनन्समध्ये टाका, पावती मात्र द्या. आणि ती डिप्लोमावाली मुलगी, जिने मोटर चालू केली, तिला मी विचारलंय. आठवड्यातून दोन दिवस ती नववी-दहावीच्या मुलींना बसवेल म्हणाली, स्टार्टर उघडून दाखवीन म्हणाली. मुलग्यांनीही यायला हरकत नाही, फक्त लक्ष विचलित होता कामा नये!

हे दोन्ही विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या, ‘आयत्या वेळचे विषय’ मध्ये ढकलू नका, तिथं पोहोचेपर्यंत सगळे चहाला उठलेले असतात. मंजूर झालं तर खोलीची किल्ली माझ्याकडे ठेवा. मी तळमजल्यावर आहे, गुडघे दुखत असले तरी तेवढ्या चार पायऱ्या मला होतात.